चाळिसावं कलम

कलमवाल्याचे नियम फार नव्हते, पण जो होता तो दगडावरची रेघ होती: एकदा बांधलेल्या कलमाची पट्टी सोडून बघायची नाही. मुळं धरलेल्या खुंटाला चीर द्यायची, तासलेली काडी तिच्यात बसवायची, पट्टी गुंडाळायची आणि हात मागे घ्यायचा. पुढचं झाड बघून घेतं. काडीने जीव धरलाय का, हे बघायला पट्टी सोडली की सांधा हलतो आणि काडी मरते. तीस वर्षांत या एका चुकीपायी त्याने रोपवाटिकेतून कितीतरी जणांना बाहेरचा रस्ता दाखवला होता.

आणि मग एका सकाळी त्याच्याच सुरीने त्याच्या उजव्या अंगठ्याची शीर तोडली. डॉक्टरीणबाईंनी ती शिवली, हात कोपरापर्यंत बांधला आणि बजावलं, "सहा आठवडे हे सोडायचं नाही. अंगठा हलेल की नाही, ते तेव्हाच कळेल."

घरी येईपर्यंत त्याच्या डोक्यात एकच घोळत होतं. अंगठा गेला तर सुरी गेली, आणि सुरी गेली तर त्याच्यात उरतं काय? त्याला खरोखर भीती वाटत होती.

इकडे हंगाम तोंडावर आलेला. नासपतीचे चाळीस खुंट ताटकळत उभे. शेवटी बायकोने सुरी उचलली.

"तुला नाही जमायचं," तो म्हणाला.

"तुम्ही तोंड चालवा, मी हात चालवते. तोंडाला काही बँडेज नाही बांधलेलं."

तोंड त्याने मनसोक्त चालवलं. "अगं, काडी आहे ती, गाठोडं नव्हे!" बायको पट्ट्या अशा करकचून आवळत होती, की जणू सामान परगावी धाडायचंय. पण तिने चाळीसच्या चाळीस बांधली.

तिसऱ्या आठवड्यात त्याला राहवेना. बायको बाजारात गेलेली बघून तो कलमं ठेवलेल्या शेडमध्ये शिरला, आणि डाव्या हाताने, दातांनी, शेवटच्या कलमाची पट्टी सोडली. काडी अलगद त्याच्या तळहातावर आली. जोड अजून ओला, कच्चा होता. त्याने ती घाईघाईने परत खोचली, पण चार दिवसांत ती सुकून काळी पडली.

बायकोने पट्टीवरचे दातांचे ठसे पाहिले.

"उंदीर बराच मोठा दिसतोय," ती म्हणाली. मग तिची नजर त्याच्या हाताकडे गेली. बँडेजची कडही उसवलेली होती. "अहो, हेसुद्धा?"

"नुसतं टोक सोडलं होतं," तो खाली मान घालून म्हणाला. "धीरच धरवत नाही गं."

"इतरांना हाकललंत. तुम्हाला कोण हाकलणार? उद्यापासून रोज सकाळी माझ्याबरोबर यायचं. नुसतं बघायचं, हात न लावता."

तो रोज जाऊ लागला. आठवडाभर काहीच दिसलं नाही. मग एका काडीचा डोळा फुगला. दुसऱ्या दिवशी तीन, मग अकरा. ज्या कलमाला तो गाठोडं म्हणाला होता, त्याचा कोंब सगळ्यांत टपोरा निघाला. एकोणचाळीसपैकी चौतीस फुटली. पट्टीआड, कोणी बघत नसताना, काम चालूच होतं. हे तो तीस वर्षं लोकांना ओरडून सांगत आला होता; विश्वास त्याचा आत्ता बसला.

सहा आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी हात मोकळा केला. "मध्ये सोडून बघितलं नाहीत ना?"

"एक सोडलं, पण ते कलमाचं. याचं नुसतं टोक."

"बरं, अंगठा वाकवा."

अंगठा हलला नाही. बायकोचा चेहरा उतरला. आणि तो उतावळा माणूस शांतपणे म्हणाला, "असू द्या बाई. पट्टी आज सुटलीय. कोंब यायला वेळ लागतो."

रोज सकाळी शिकवलेला व्यायाम करायचा आणि कलमं बघायला जायचं, असं सुरू झालं. तीन आठवड्यांनी, हंगाम संपता संपता, दोघं त्या चाळिसाव्या खुंटाशी बसली. बायकोने खाली नवी चीर दिली, ओल्या फडक्यात जपलेली काडी बसवली, पट्टी गुंडाळली. गाठ मारायच्या आधी टोक धरायला त्याने सवयीने उजवा अंगठा पुढे केला. अंगठा वाकला आणि टोकावर टेकला.

बायकोने ते पाहिलं. तिने गाठ मारली आणि हात मागे घेतला.