लेकीबाईंसाठी माहितीपट

भोंग्यातून भैय्यालालचा आवाज आला तेव्हा अंजू माहेरच्या ओसरीवर सिंगाडे सोलत बसली होती.

"ऐका हो ऐका! बपेऱ्याच्या मंडईत पहिल्यांदा! आज दुपारी, गुलाबभाऊच्या धानाच्या गोदामात, खास लेकीबाईंसाठी! भाऊ-बहिणीच्या पवित्र प्रेमाची, काळजाला पीळ पाडणारी कहाणी! 'उताऱ्यावरचं नाव'! प्रत्येक भावानं आपल्या बहिणीले हात धरून आणावं! येताना रुमाल घेऊन या, मंग मंडळाले दोष देऊ नका!"

अंजूच्या हातातला सिंगाडा तसाच राहिला.

"चांगला सिनेमा आणला वं तू," मंदाबाई, तिची माय, चुलीजवळून म्हणाली. "मीही येतो. भाऊ-बहिणीचा म्हणजे पाहालेच पाहिजे."

अंजू भंडाऱ्याच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होती, आणि तिथल्याच एका साप्ताहिकात दर रविवारी सदर लिहायची. राजकारणावरचे, समाजावरचे सिनेमे आणि माहितीपट त्यात ती सुचवायची. वाळूघाटाच्या लिलावावरचा, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीवरचा, खाणीतल्या कामगारांवरचा. वाचकांचे फोन यायचे. मंडई मंडळाचा अध्यक्ष भैय्यालाल याने याच सदरामुळे तिला दिवाळीआधी विचारलं होतं. मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, गावच्या सगळ्या लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, रात्रीचं नाटक असतंच, दुपारी लेकीबाईंसाठी काहीतरी वेगळं ठेवू. तू इतके सिनेमे सुचवतेस, एक आम्हाला सुचव. अंजूने सुचवला. भैय्यालालने हो म्हटलं.

तो माहितीपट भावाच्या प्रेमाचा नव्हता. बाप गेल्यावर सातबाऱ्यावर मुलींची नावं वारस म्हणून लागतात आणि पुढच्याच दिवाळीला, भाऊबीजेची साडी हातात पडल्यावर, त्या हक्कसोडपत्रावर सही करून आपली नावं काढून टाकतात. ज्यांनी तशी सही करायला नकार दिला अशा बहिणींचा तो माहितीपट होता.

आणि अंजूचा बाप यादोराव मागच्या पावसाळ्यात वारला होता.

"ताई, सोमवारचं पक्कं ना?" मनिष गोठ्याकडून आला. तिच्यापेक्षा लहान भाऊ. खांद्यावर दुपट्टा, लवकर येणारा हलका धान कापून झाल्याचं समाधान चेहऱ्यावर. "तुमसरले वकिलाले सांगून ठेवलं. जाऊन सही करू अन् तिकडूनच तुले भंडाऱ्याच्या गाडीत बसवून देतो. तांदळाचा कट्टा बी गाडीवर टाकून देईन."

दरवर्षी नव्या तांदळाचा कट्टा, एक भरलेलं पोतं, तो स्वतः पोचवायचा. लग्न झाल्यापासून अंजूने दुकानातून तांदूळ आणला नव्हता.

"मंडई तं होऊ दे," ती म्हणाली. भाऊबीजेपासून ती हेच म्हणत होती.

"होऊ दे ना. तुहा सिनेमा पाहून घेऊ पहिले. मी आत्याबाईले बी घेऊन येतो. अन् जनरेटर माहाच राहणार आहे तिथं. मंडळाले म्हटलं, माह्या बहिणीचा सिनेमा आहे, भाडं घेत नाई."

अंजू उठली, पदराला हात पुसले आणि मंडईकडे निघाली.

शाळेजवळच्या मैदानात दुकानं लागली होती. उसाच्या मोळ्या, बांगड्या, फुगे, जिलेबीचं कढईतलं तेल. एका कोपऱ्यात दंडारीच्या खेळाचा ढोलकीवाला ढोलकीची वादी ताणत होता. भैय्यालाल मंडपात खुर्चीवर माईक धरून बसला होता, जणू माईक सोडला तर दुसरा कोणी पळवेल.

"काकाजी, हे काय सांगून राहिले तुम्ही?"

"काय चुकलं? गर्दी पाहजो आता. नाटकाले नाई होत इतकी होईल."

"कुठं आहे त्यात काळजाला पीळ? तुम्ही पाहिला का सिनेमा?"

"सिनेमा कोणी आधी पाहून ठेवते का? मंग लावाचा कायले?" भैय्यालालने खिशातून एक घडी काढली. तिच्याच सदराचं कात्रण होतं. चष्मा कपाळावरून खाली ओढून त्याने वाचलं, "'भाऊ आणि बहीण या नात्याकडे नव्यानं पाहायला लावणारा हळवा माहितीपट. कुटुंबानं एकत्र बसून पाहावा.' हे तूच लिहिलं ना? का छापणाऱ्यानं लिहिलं?"

लिहिलं अंजूनेच होतं. पहिल्या मसुद्यात 'हक्कसोड' हा शब्द होता. छापायला पाठवण्याआधी तिने तो काढला होता, कारण मनिष दर रविवारी ते पान वाचायचा, मोबाइलवर फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकायचा आणि खाली लिहायचा, माझी ताई. त्या शब्दाच्या जागी 'हळवा' आला होता.

"तो हक्कसोडपत्रावर आहे, काकाजी. बहिणींनी सही करू नये, असं त्यातल्या बाया सांगतात."

भैय्यालालने माईकचं बटण बंद आहे ना, हे आधी पाहिलं. मग आवाज खाली आणला. "अरे बाप्पा! अर्धं गाव सोमवारी तुमसरले चाललं आहे त्याच कामासाठी."

"म्हणूनच सुचवला."

"मंग आता एक कर. बोलू नको. गोदामात आले का शटर अर्धं ओढून घेतो. एकदा बसलेला माणूस मधात उठत नाई. पाहून होईल त्याइचं. मंग कोणी विचारलं तं मी म्हणेन, मले काय माहीत, मी कात्रण वाचलं."

अंजूला तो मार्ग नीट दिसला. गोदाम भरेल, माहितीपट दाखवला जाईल, कोणाशी भांडण नाही, आणि ती सोमवारी काय करणार हेही कोणाला आज कळणार नाही.

"नाही. मी सुरू करण्याआधी सांगणार."

"भाऊ लोक उठवून नेतील बहिणींले! अन् लेखात तं नाई सांगितलं तू, आता भोंग्यावर सांगशील?"

"हो, सांगणार. लेखात सांगितलं असतं तर तुम्ही ही दवंडी दिली नसती."

भैय्यालालने कात्रणाची घडी केली. "तुह्या बापासारखीच आहेस वं. तोही असाच नडायचा."

पण माईकवर सांगण्याआधी घरातल्याच एकाला सांगायला हवं होतं. मनिष गोदामामागे जनरेटरमध्ये डिझेल ओतत होता. अंजू त्याचं ओतून होईपर्यंत थांबली.

"मनिष, सोमवारी मी सही करणार नाही."

त्याने झाकण घट्ट केलं. पुन्हा सैल केलं, पुन्हा घट्ट केलं. "मजाक करून राहिली का?"

"नाही. आणि हा सिनेमा त्याच्यावरच आहे. तुला आत बसून कळण्यापेक्षा आधी मी सांगावं, म्हणून आले."

"वाटा पाहिजे का तुले? मांग ना मंग सरळ. कोणतं वावर पाहिजे, नाल्याजवळचं का घराजवळचं?"

"वावर तू कर, पीक तू घे, मायला तू सांभाळतोस, ते मला दिसतं. मी वाटणी मागत नाही. फक्त माझं नाव खोडणार नाही."

"नावाचं काय लोणचं घालशील?"

"ते ठरवेन मी. ते माझं आहे, म्हणून राहील."

"गावात कोणत्या बहिणीनं असं केलं? सांग एकीचं नाव. आत्याबाईनं बाबाले सही नाई देली का? तिचं माहेर तुटलं का? दर दिवाळीले साडी घेतो मी तिले!" त्याचा आवाज फाटला. "पुढल्या वर्षी कोण्या तोंडानं येशील इथं?"

"याच."

तो दुपट्टा झटकून पलीकडे गेला. अंजू समोरच्या बाजूने गोदामात शिरली.

गोदाम खचाखच भरलं होतं. पुढे सतरंज्यांवर बाया, मांडीवर लेकरं, हातात सिंगाड्यांच्या पुड्या, आणि खरोखरच रुमाल. मागे पुरुष उभे. शकुनबाई, अंजूची म्हातारी आत्या, मंदाबाईशेजारी अगदी समोर बसली होती. पांढऱ्या कापडावर प्रोजेक्टरचा निळा चौकोन पडला होता. भैय्यालालने तिच्या हातात माईक दिला आणि सुटका झाल्यासारखा बाजूला झाला.

"भैय्यालालकाकाजींनी जे सांगितलं ते या सिनेमात नाही," अंजू म्हणाली. "चूक त्यांची नाही, मी लिहिलं तेच गोलमोल होतं. हा माहितीपट हक्कसोडपत्रावर आहे. बापाच्या जमिनीवरचं नाव बहिणींनी सहीनं काढू नये, असं त्यातल्या बाया म्हणतात. मला तो पटतो म्हणून मी सुचवते. ज्यांना नाही पाहायचा त्यांनी आत्ताच जावं."

मागून कोणीतरी म्हणालं, "मंग भाऊबीजेचं ताट उलटं फिरवा आता! भावानंच ओवाळाचं!" हशा पिकला. त्या हशातच दोन-चार पुरुष पुढे आले. बाया उठू लागल्या. कोणी खाली मान घालून, कोणी लेकराला उगाच चापट मारून.

"चंद्रकांता, चाल घरी," तुलाराम दारातून ओरडला.

चंद्रकांता त्याची मोठी बहीण. भिंतीला टेकून सिंगाडे खात होती. "तूच म्हटलं ना, हात धरून आणतो? आणलं. आता जा, उसाचा रस पी."

पुन्हा हसू उठलं, पण या वेळी बायांचं. तुलाराम दारातच राहिला. निम्म्याहून जास्त बाया बसून होत्या. अंजूने माहितीपट सुरू केला.

कापडावर एक तलाव आला, धानाचे बांध आले, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई बांधावरून चालत आली. ती बाई दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बाकावर बसली, समोर कागद आला, भावाने बोट ठेवून सहीची जागा दाखवली, आणि वीज गेली.

सगळ्यांचे डोळे मागच्या शटरकडे वळले. शटरच्या फटीतून मनिष दिसत होता. जनरेटरशेजारी उभा. तो सुरू करायची दोरी हातात होती. त्याने ती ओढली नाही.

"मनिष!" भैय्यालाल ओरडला. "लाव ना लेका!"

मनिष जागचा हलला नाही. भैय्यालालने अंजूकडे पाहिलं. भावाला तिने विनवावं, अशी सगळ्यांचीच अपेक्षा असावी. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, पण त्याचं चित्र पहिल्या रांगेपलीकडे दिसलं नसतं.

अंजू कापडासमोर उभी राहिली. माईक बंद होता. तिने आवाज चढवला.

"त्या बाईनं पेन हातात घेतला. मग अधिकाऱ्याला म्हणाली, कागदात काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचा. भाऊ म्हणाला, वाचायचं काय त्यात, सगळ्याच करतात. ती म्हणाली, वाचा तरी. अधिकाऱ्यानं वाचलं. 'मी माझ्या राजीखुशीनं, कोणाच्याही दबावाशिवाय...' इथं ती बाई थांबवते. म्हणते, हे खोटं आहे, हे आधी काढा."

"काढलं का मंग?" चंद्रकांताने विचारलं.

"नाही. ते काढलं तर कागदच राहत नाही. म्हणून तिनं पेन ठेवून दिला."

अंजू सांगत गेली. बाईचा भाऊ तिच्याशी बोलत नाही, हेही सांगितलं. दुसरी एक बहीण माहेरच्या लग्नाला गेली आणि तिला कोणी जेवायला बस म्हटलं नाही, हेही. माहितीपटात जे कडू होतं त्यातलं तिने काही गाळलं नाही. शटरच्या फटीतली सावली मात्र हलत नव्हती.

"माह्यावेळी कोणी वाचून नाई दाखवलं," शकुनबाई एकदम म्हणाली. मोठ्याने नाही, पण गोदामाला ऐकू गेलं. "अंगठा धरला अन् टेकवला. यादोराव चांगला होता. तरी धरला."

वीज आली. कापडावर निळा चौकोन उजळला. भैय्यालाल कपाळ पुसत म्हणाला, "आता तं सांगूनच झालं. नाटकाची तयारी करू का मी?"

"लाव तो," शकुनबाई म्हणाली. "हिनं खरं सांगितलं का नाई, ते पाहू दे."

माहितीपट शेवटपर्यंत चालला. मधे कधीतरी मनिष दारात येऊन उभा राहिला. बसला नाही. कागद वाचण्याचा प्रसंग आला तेव्हा त्याने आत्याबाईकडे पाहिलं, मग खाली. दिवे लागले तेव्हा तो तिथे नव्हता.

सोमवारी सकाळी त्याची मोटारसायकल अंगणातच होती. तो वावरात गेला होता. मंदाबाईने पिशवीत सिंगाडे आणि थोडे पोहे बांधून दिले. "काहून केलं वं असं?" एवढंच म्हणाली, आणि एसटी येईपर्यंत फाट्यावर तिच्याशेजारी उभीही राहिली. तांदळाचा कट्टा नव्हता.

रविवारी अंजूने त्याच माहितीपटावर पुन्हा सदर लिहिलं. पहिलं वाक्य होतं: 'उताऱ्यावरचं नाव' हा माहितीपट हक्कसोडपत्रावर सही न करणाऱ्या बहिणींचा आहे. मनिषने ते पान कोणत्याही ग्रुपवर टाकलं नाही. त्या आठवड्यात तिने दुकानातून तांदूळ आणला.

भैय्यालालचा फोन मात्र आला.

"सिहोऱ्याच्या मंडईवाले मांगून राहिले तो सिनेमा. दवंडी मीच द्याची म्हणतात. काय सांगू भोंग्यावर?"

"काय आहे ते सांगा, काकाजी. हक्कसोड हा शब्द पहिल्यांदा."

"पहिल्यांदा?" भैय्यालालने दम घेतला. "बरं. अन् रुमालाचं काढू का ठेवू?"

अंजूने विचार केला. "ते राहू द्या."