दुपारी तीनचे आकारामकाका

कोल्हापुरात पापाच्या तिकटीजवळ आकारामकाकांच्या भांड्यांच्या दुकानात कुकर घ्यायचा म्हणजे तासभर वेळ काढूनच यावं लागे. पैसे दिले, पिशवी उचलली आणि निघालं, असं तिथं चालत नसे. गल्ल्यामागं एक ओटा होता, ओट्यावर गॅस होता आणि गॅससमोर काकांच्या पत्नी शालनकाकी बसलेल्या असत. नवा कुकर आधी त्यांच्या हातात जाई.

त्या झाकण उचलून दाराच्या उजेडाकडं धरत आणि शिट्टीच्या नळीतून एक डोळा मिटून बघत. मग बारीक तार घालून नळी साफ करत. दोन पेले पाणी ओतून कुकर गॅसवर ठेवत. शिट्टी होईपर्यंत गिऱ्हाइकाला चहा. शिट्टी झाली, वाफ उतरली, पाणी ओतून कुकर फडक्यानं कोरडा केला, की मगच तो पिशवीत.

"काकी, माझी मलकापूरची गाडी चुकंल की वं!" एखादी बाई वैतागायची.

"चुकू दे. पुढच्या गाडीनं जा. शिट्टीचा आवाज ऐकल्याबगर मी न्हाय सोडायची तुला."

यात नुसती हौस नव्हती. कारखान्यात झाकणाला चकाकी आणायला ते फिरत्या चाकावर घासतात. त्या वेळी लावलेला मसाला कधीकधी नळीत जाऊन बसतो आणि वाळला की दगडासारखा होतो. आता पाण्याची वाफ झाली की तिला पाण्याहून कितीतरी जास्त जागा लागते. तिची वाट ती नळी. नळी बुजलेली असली तर वाफ आतच कोंडते आणि झाकणाला ढकलत राहते. अशा वेळेसाठी झाकणावर दुसरी एक वाट ठेवलेली असते. मऊ धातूचा छोटा बोळा असतो, फार तापला की वितळून वाफेला मोकळं करतो. पण तो बोळा चांगल्या जातीचा असेल तरच. शंभर कुकरांत एखाद-दुसरं झाकण तसं बुजकं निघायचं. शालनकाकी ते बाजूला ठेवत आणि कारखान्याला परत पाठवत. सत्तावीस वर्षं हे असंच चाललं होतं.

दोन हजार दोन साली विजयसिंह दुकानात आला. हा त्यांच्याच गल्लीत वाढलेला पोरगा. आता गावातल्या केबलवर जाहिराती मिळवून द्यायचं काम करायचा. पुण्याच्या एका कंपनीला टीव्हीवरून कुकर विकायचे होते. फोन करायचा, माल घरपोच येणार. कंपनीला हवा होता एक माणूस, ज्याच्या शब्दावर जिल्हाभरातल्या बायका फोन उचलतील.

"काका, नट-नट्या कुणाला पायजेत? तुमचं तोंड बघितलं की बायका डोळं झाकून घेत्यात," विजयसिंह म्हणाला.

आकारामकाका खूश झाले. तसं त्यांचं मन जरा खट्टू झालेलंच होतं. मोठी चकचकीत दुकानं निघाली होती, आपलं नाव आता तिकटीपुरतंच राहिलं असं त्यांना वाटायचं. टीव्ही म्हटल्यावर त्यांनी नवा सदराच शिवला.

राजारामपुरीतल्या एका खोलीत चित्रण झालं. काकांच्या तोंडाला पावडर फासली. समोर ओटा, गॅस आणि एक कुकर. तो कुकर शालनकाकींनी आदल्या दिवशी तपासून पाठवलेला होता. कॅमेऱ्यामागून विजयसिंह सांगत होता, "काका, त्ये शिट्टीचं सांगा. तुमचं खरं त्येच हाय."

मग काका कॅमेऱ्याकडं बघून शुद्ध भाषेत म्हणाले, "सत्तावीस वर्षं झाली. शिट्टी ऐकल्याशिवाय आमचा कुकर गिऱ्हाइकाच्या हातात गेलेला नाही. हाही जाणार नाही."

शालनकाकी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांपुढं शाहूपुरीतलं गोदाम आलं. तिथं कंपनीचे कुकर खोक्यांत बंद होते आणि तिथूनच ते घरोघर जायचे होते. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "आवं, त्या खोक्यातल्यांची शिट्टी कुणी ऐकलीया?"

"कारखान्यानं तपासल्यात की."

"मग आपण सत्तावीस वर्सं काय करत हुतो?"

"चा पाजत हुतो," काका हसत म्हणाले.

त्यांना हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या तार घेऊन गोदामात गेल्या. एक खोकं त्यांनी फोडलं तोच विजयसिंह धावत आला. "काकी, सील तुटलं की कंपनी माल परत घेत न्हाय! आणि सील तुटलेला कुकर गिऱ्हाईक बी घेत न्हाय." मागोमाग काका आले. चार हमालांपुढं त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "शालन, घरी जा."

आणि शालनकाकी घरी गेल्या. पुढं त्यांना कुणीही विचारलं, की चूक कंपनीची का काकांची, तर त्या सांगत, "मी घरी गेलतो, ती माझी."

तो कार्यक्रम रोज दुपारी तीनला लागायचा. बायकांची जेवणं, भांडी झालेली असत. फोनवर फोन येऊ लागले. पूर्वी लोक दुकानात येऊन नीट विचारायचे, उलटं-पालटं करून बघायचे. आता कुणी काही बघतच नव्हतं. काकांनी आधीच बघितलंय म्हटल्यावर आपण पुन्हा काय बघायचं?

बिद्रीच्या प्रीतीनं असाच कुकर मागवला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासू धोंडुबाई म्हणत होती, पातेल्यात शिजतंय ते काय वाईट हाय? प्रीतीनं हट्ट धरला. तिच्या आईचा कुकर आकारामकाकांच्या दुकानातला होता आणि त्याला वीस वर्षं झाली होती.

पहिल्याच दिवशी तिनं डाळ लावली. पाव तास झाला, अर्धा तास झाला, शिट्टी होईना. आच कमी असेल म्हणून तिनं वाढवली. तरी होईना, म्हणून शिट्टीला काय झालंय ते बघायला ती वाकली.

दोन दिवसांनी कुकर फुटल्याची बातमी दुकानात आली. प्रीतीला कोल्हापुरातच ठेवलं होतं, त्या इस्पितळात काका-काकी गेले. बाहेरच्या हॉलमध्ये बाकावर धोंडुबाई बसली होती. काकांनी हात जोडले. तिनं त्यांना ओळखलं नाही.

"कोण, पावणं?"

काकांना नाव सांगवेना. शेवटी काकी म्हणाल्या, "आमी कुकरच्या दुकानातनं आलोय."

धोंडुबाई त्यांच्याकडं बघत राहिली. ओरडली नाही. "डावा डोळा गेला म्हणालं डाक्टर. मान भाजलीया, छाती भाजलीया. बावीस वर्साची हाय." मग म्हणाली, "माझ्याशी भांडून घेतला तिनं. काका म्हंत्यात म्हणून घेतला. आता शुद्धीत आली की तिला वाटंल, माझ्या हट्टानंच झालं. त्ये कुणी सांगायचं तिला?"

हॉलच्या कोपऱ्यात टीव्ही होता. तीन वाजले. पावडर लावलेले आकारामकाका पडद्यावर आले आणि शुद्ध भाषेत बोलू लागले. बाकांवरच्या लोकांनी आधी टीव्हीकडं बघितलं, मग दाराशी उभ्या माणसाकडं. एक पोरगी आईला म्हणाली, "आई, त्ये बग, तेच हाईत." काका मान खाली घालून जिना उतरले. शालनकाकी मात्र त्यांचं वाक्य संपेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

त्याच संध्याकाळी त्या विजयसिंहाकडं गेल्या. "ती फीत बंद कर."

"काकी, माझ्या हातात काय न्हाय. दिवाळीपतोर कंपनीनं वेळ घेऊन ठेवलीया. त्यांनी सांगितल्याबगर केबलवालं काढत न्हाईत. आणि कंपनी म्हणतीया, वापरायला चुकली असंल."

"तुला काय वाटतंय?"

तो आत जाऊन गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची यादी घेऊन आला. "मी दिली म्हणू नगा." यादीत एकशे बारा घरं होती.

घरी काकांनी यादी बघितली आणि म्हणाले, "दारोदार जाऊन आपलाच माल खराब म्हणून सांगायचं? मग दुकानात कोण येणार हाय?"

"न्हाय आलं तर न्हाय आलं."

"बोलणं सोपं हाय."

काकी एकट्याच निघाल्या. पिशवीत तार आणि पाण्याची बाटली. पहिल्या दिवशी नऊ घरं झाली, दुसऱ्या दिवशी सात. कुणी चहा दिला, कुणी दारातूनच विचारलं, नवीन काही विकायला आलाय का? सगळ्या नळ्या साफ निघाल्या. तिसऱ्या दिवशी फुलेवाडीतल्या एका घरात त्यांनी झाकण खिडकीकडं धरलं तर पलीकडचं काही दिसेना. तार टोचली, ती अडकली. ते घर सणाची वाट बघत होतं, म्हणून कुकर अजून वापरलेला नव्हता. घरात तीन लहान मुलं होती.

ते झाकण घेऊन काकी घरी आल्या. त्यांनी ते काकांच्या हातात दिलं. काकांनी ते दिव्याकडं धरलं, फिरवून धरलं, पुन्हा धरलं. मग खाली ठेवलं. सकाळी काकी उठल्या तेव्हा ते पायात चपला घालून ओसरीवर बसलेले होते. दुकानाची किल्ली खुंटीवरच होती.

दोघं मिळून घरं फिरू लागले. एक बुजकी नळी आणखी निघाली, कागलजवळ. बाकीच्या चांगल्या होत्या. दारात गेल्यावर काका फक्त म्हणत, "तपासायचं राहिलंय, बघून घेतो." एवढ्यानं काम व्हायचं. त्याहून जास्त त्यांना कुठं बोलावं लागलं नव्हतं.

हुपरीला पोचले तेव्हा दुपार झाली होती. अंबूबाईचं घर गल्लीच्या टोकाला होतं. पुढच्या खोलीत ती पैंजणाच्या कड्या जोडत बसली होती, समोर टीव्ही लावलेला. आतल्या खोलीत गॅसवर कुकर होता.

"बाई, तो कुकर बंद करा आधी," काकी उंबऱ्यातूनच म्हणाल्या.

"का वं? कोण तुमी?"

"दुकानातनं आलोय. तपासायचा राहिलाय."

"तपासलाय की! आत्ता सांगतील बगा." अंबूबाईनं हनुवटीनं टीव्हीकडं खूण केली. तीन वाजत आले होते. "काका सोता सांगत्यात. कालबी सांगितलं, परवाबी. आठ दिस झालं घरात येऊन, आज पयल्यांदा लावलाय मी."

"हेच त्ये काका हाईत," शालनकाकी म्हणाल्या.

अंबूबाईनं काकांना पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं. चार दिवसांची दाढी, धुळीनं भरलेल्या चपला. ती खळखळून हसली. "ह्ये? त्ये काका कसं गोरंपान हाईत! उगं चेष्टा करतासा व्हय? कुकर लाटायला आलासा काय रं बाबांनो?"

आत गॅस चालूच होता. टीव्हीवर काका आले. सदरा, पावडर, हसरा चेहरा. दारातले काका पुढं झाले आणि टीव्हीच्या शेजारी जाऊन उभे राहिले. दोघांचं वाक्य एकदमच सुरू झालं. एक आवाज शुद्ध होता, दुसरा फाटलेला.

"बाई, मी खोटं बोललोय," दारातले काका म्हणाले. "मी त्यो कुकर बघितला न्हाय. एक बी बघितला न्हाय. बिद्रीला एका पोरीचा डोळा गेलाय माझ्यापायी. तुमी गॅस बंद करा. पाया पडतो तुमच्या."

अंबूबाईचं हसू गेलं. ती उठली, आत गेली. गॅसचं बटण फिरवल्याचा आवाज आला. कुकर गार होईपर्यंत तिघंही थांबली. मग काकींनी झाकण काढलं, दाराकडं धरलं. नळी स्वच्छ होती. पलीकडचा उजेड गोल दिसत होता.

"चांगला हाय," काकी म्हणाल्या.

"हाय न्हवं चांगला?"

"हाय."

अंबूबाई आत गेली ती बराच वेळ आली नाही. भांडी सरकवल्याचे आवाज येत राहिले. आली तेव्हा हातात एक डबा, दोन पितळी पातेली आणि एक कळशी होती. तिनं ती उंबऱ्यावर एकेक करून ठेवली. सगळी काकांच्या दुकानातली. तिच्या लग्नात, थोरल्या लेकीच्या बारशात आहेरात आलेली. प्रत्येकावर तिचं नाव काकांनी स्वतःच्या हातानं कोरलेलं होतं.

"कुकर बी न्ह्या, आणि ही बी न्ह्या," ती म्हणाली.

"बाई, ही तर आमी नीट बघून दिलती," काका म्हणाले.

"असंल. पण त्ये मला आता कसं कळायचं?"

 काका पायरीवर बसले. नाव कोरलेली भांडी दुसऱ्या कुणाला विकता येत नाहीत हे त्या तिघांनाही माहीत होतं. शालनकाकींनी पदर खोचला, पातेली एकात एक बसवली, त्यांत डबा ठेवला आणि सगळं पिशवीत भरलं. पिशवी जड झाली. कुकर त्यांनी दुसऱ्या हातात घेतला.

"उठा," त्या काकांना म्हणाल्या. "पट्टणकोडोलीची तीन घरं ऱ्हायल्यात. सांजच्या सैपाकाआधी पोचाय पायजे."