जो ओरडेल त्याचा

भोपळ्याच्या काखेतली केसांची गुठळी काही केल्या सुटेना. कंगव्याच्या दातांत काळे केस, आत सुपारीएवढी घट्ट गाठ आणि तिच्या तळाशी ओल — कालच्या तलावाची, अजून. न्यूफाउंडलंड कुत्र्याचं हेच, वरून वाळलेला दिसतो, पण आतल्या लोकरीत पाणी मुरून बसतं आणि कातडी सडते. धाकटा बोटांनीच गाठ उकलायला लागला. भोपळ्या लाळ गाळत निवांत पडलेला. काल जणू काही झालंच नाही.

झालं काय तर... दादाला लांबच्या एका तलावावर जीवरक्षकाची नोकरी लागली, आणि तो म्हणाला, कुत्रा मी नेणार, आणलाय मी. आणलाय त्यानेच, खरंय — पण एवढी वर्षं विंचरलं कुणी, पोहून आला की तासभर मांडीवर डोकं घेऊन कान कोरडे केले कुणी? आई वैतागली. "भांडू नका रे! दोघं उतरा पाण्यात. ज्याला तो ओढून काढेल, त्याचा."

धाकटा मनातल्या मनात हसला होता. पाण्यात माणूस दिसला की ओढून काढायचं, हे या जातीच्या रक्तातच. आता दोघांतून एक निवडायचा तर मला सोडून कुणाला? म्हणून तो पाठीवर शांत तरंगत राहिला, वाट बघत. तिकडे दादाची नाटकं सुरू — हात आपटतोय, "मेलो! आई गं, मेलो!" — आणि काठावर आई हसून हसून लोळायची बाकी. भोपळ्याने उडी टाकली, धाकट्याच्या अगदी जवळून गेला, तोंडावर पाणी उडवत, आणि थेट दादाचं मनगट धरलं.

कुत्र्याचं काय चुकलं? ओरडतो तो बुडतोय, एवढंच त्याला कळतं. आईला तरी वेगळं काय कळायचं... लहानपणी दोघांना एकदमच ताप यायचा, दादा विव्हळायचा, आई त्याच्या उशाशी. आणि मी? मी शहाणा. "माझं शहाणं बाळ ते!" — असं म्हणून दिवा घालवून जायची. कौतुक वाटायचं मला त्याचं. गाढवासारखं.

दादा आला, पट्टा बोटाभोवती फिरवत. "काय, नटली का नवरी?"

धाकटा कंगव्यात अडकलेले केस उपटत राहिला.

"रुसलास होय रे? बरं, ह्याचं काय काय करावं लागतं, सांगून ठेव."

कान. एवढंच सांगायचं होतं. पोहून आला की आतपर्यंत पूस, नाहीतर पिकतात, आणि हा येडा कितीही ठणकलं तरी कुईं करत नाही, कुणाला पत्ता लागत नाही...

"काही नाही," तो म्हणाला. "खायला घाल. बाकी त्याचं तो बघतो."

भोपळ्या गाडीत चढला. इंजिन सुरू झालं. गाडी अजून फाटकातच होती. आवाज त्याच्या घशाशी आला होता, चांगला मोठा, दादा आणि भोपळ्या दोघंही वळून बघतील असा — आणि तो तसाच दाबून धरण्यात त्याला कसलीशी गोडी लागत होती, जी आजवर कधी लागली नव्हती.