शेवटच्या खोक्यावरचं कुंकू

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या पंपांच्या कारखान्यातून एकतीस मार्चला जे शेवटचं खोकं निघतं, त्याला मी कुंकू लावून तारीख लिहिते. यंदा वर्षअखेरीस चारशे पंप विकले गेले. मेमध्ये नफा जाहीर झाला, शेअर वधारला आणि मी मूर्खासारखे पेढे वाटले.

परवा के. आर. पुरमच्या आमच्या गोदामात गेले, तर चारशेच्या चारशे पंप तिथेच. पुढच्याच खोक्यावर माझं कुंकू आणि यंदाची तारीख. मॅनेजर दयानंदअण्णांना फोन लावला.

"अण्णा, हे विकले होते ना?"

"कागदावर विकलेत, कावेरी. नफा घटला असता तर शेअर कोसळला असता. गिऱ्हाईक मिळेल, स्वल्प थांब."

मागच्या रांगेतल्या एका धुळकट खोक्यावरही कुंकू होतं आणि माझ्याच अक्षरात गेल्या वर्षीच्या एकतीस मार्चची तारीख.