थंड पाण्यावरची तीन वर्षं

मी एक वाफेचं इंजिन बोलतोय. लगेच मोठी आगगाडी डोळ्यांसमोर आणू नका. मी आहे जेमतेम बिस्किटांच्या डब्याएवढा, आणि माझं खानदान विचाराल तर सगळा भंगाराचाच कारभार.

गाझियाबादेत नवे फ्लॅट उठले, घरोघरी गॅस आला आणि पितळी स्टोव्ह भंगारात गेले. अशाच एका स्टोव्हच्या पंपाचा माझा सिलिंडर. चाक कुणाच्या तरी शिलाई मशीनचं. बॉयलर म्हणजे जाड तांब्याच्या नळीचा तुकडा, दोन्ही तोंडं झाळून बंद केलेला. हे सगळं वेचून आणलं प्रफुल्लदादांनी. मूळचे वर्ध्याकडचे. इथल्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात ते बॉयलर सांभाळायचे. ती नोकरी सोडल्यावर त्यांनी मला बनवलं.

माणूस कामाला पक्का, पण एक खोड होती. बॉयलर पेटवण्याआधी त्यात काठोकाठ थंड पाणी भरतात आणि हातपंपाने दाब देतात. सांधा कच्चा असेल तर नुसतं पाणी झिरपतं, कुणाला इजा होत नाही. ही परीक्षा मी पहिल्याच रविवारी पास झालो. पुढच्या रविवारी पुन्हा परीक्षा. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. अशी तीन वर्षं! खालचा स्पिरिटचा दिवा मात्र एकदाही पेटला नाही. मला अगदी वीट आला होता.

"अहो, हे इंजिन आहे की माठ?" त्यांची बायको, लुंबिनीताई, एकदा म्हणाल्या.

दादा हसले नाहीत. "त्या दिवशी ही टेस्ट केली असती तर अर्जुनचा हात भाजला नसता," म्हणाले.

अर्जुन त्यांच्याच गावचा. कारखान्यात त्याला दादांनीच आणलं होतं. तेव्हा ऑर्डरी एकदम वाढल्या होत्या. साहेब म्हणाले, टेस्ट पुढच्या महिन्यात करू, आज टेस्ट झाल्याची सही करून टाका. दादांनी सही केली. आठवड्याभरात सांधा फुटला आणि अर्जुन उजवा हात भाजून घेऊन गावी परतला. त्यानंतर दादा गावाकडे फिरकले नाहीत. कुठल्या तोंडाने जाणार?

आणि एका रविवारी दारात अर्जुनच उभा. "जयभीम, दादा." हाताच्या ऑपरेशनसाठी दिल्लीला आला होता. दादांच्या हातातला पाना खाली पडला.

"तीन वर्षं झाली. ना पत्र, ना फोन."

"काय लिहिणार, यार? सही माझी होती."

"ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. राग त्याचा नाही. तुम्ही एकदाही बघायला आला नाहीत, त्याचा आहे."

दादा खाली बसले आणि रडू लागले. मला फार वाईट वाटलं. अर्जुन माझ्याकडे आणि दिव्याच्या कोऱ्या वातीकडे बघून म्हणाला, "अच्छा, हे तुम्ही बनवलं? मग पेटवत का नाही?"

"भीती वाटते."

अर्जुनने त्यांना वाफेला जागा व्हावी म्हणून माझ्यातलं थोडं पाणी काढायला लावलं आणि काडेपेटी मागितली. पण त्याची बोटं आखडलेली, काडी धरता येईना.

"पेटी मी धरतो, दादा. काडी तुम्ही ओढा."

दादांच्या हातून दोन काड्या वाया गेल्या. तिसरी पेटली. पाणी तापेपर्यंत दोघं माझ्यासमोर फरशीवर बसून राहिले. मग चाक हललं, अडखळलं. अर्जुनने आखडलेल्या बोटानेच त्याला ढकललं आणि मी सुटलो! स्पिरिट संपेपर्यंत थांबलो नाही.

आता अर्जुनचं ऑपरेशन झालं आहे. दादा रोज डबा घेऊन दवाखान्यात जातात. त्या गडबडीत माझ्याकडे बघायला कुणाला फुरसत नाही आणि माझं पितळ काळं पडत चाललंय. माझी काही तक्रार नाही.

एकच मागणं आहे. आपल्या हातून कुणाचं वाईट झालं असेल, तर उठा आणि त्याच्या दारी जा. अर्जुनला हजार किलोमीटर यावं लागलं, तेही भाजलेला हात घेऊन.