पावडर लावलेली मटकी

मटकीला भुंगा लागला आणि त्याचं खापर झुंबरबाईच्या डोक्यावर फुटलं.

कोल्हापुरातल्या त्या बोर्डिंगात ती अकरा वर्षं स्वयंपाक करत होती. साठ पोरांचं वर्षाचं कडधान्य तीच भरून ठेवायची. चैत्रात गच्चीवर चार कडक उन्हं द्यायची, मग गोवरीची चाळलेली राख मटकीला चोळायची. कणगीत भरताना मधे मधे कडुलिंबाचा वाळला पाला घालायचा आणि वरून शेणामातीनं तोंड लिंपून टाकायचं. पाऊसकाळ सरेपर्यंत त्या तोंडाला कुणी हात लावायचा नाही. अकरा वर्षांत एका दाण्याला भोक पडलं नव्हतं.

त्रेपन्न साली नृसिंहराव नवे सेक्रेटरी म्हणून आले. साठा तपासायचा म्हणून त्यांनी भर श्रावणात, बाहेर झड लागलेली असताना, चारपैकी तीन कणग्यांची तोंडं फोडली. चौथीपुढं झुंबरबाई फतकल मारून बसली म्हणून तेवढी वाचली. वर कणग्यांच्याच कोठीत त्यांनी कुठूनशी जुन्या मटकीची सहा पोती आणून टाकली.

"साहेब, पोत्यावर भुंगं फिरत्यात की! माझ्या कणग्यांजवळ ठेवू नगा."

"बाई, तुम्ही चुलीकडे बघा."

महिनाभरात तिन्ही कणग्या भुंग्यांनी वळवळायला लागल्या. नृसिंहरावांनी संस्थेच्या अध्यक्षांना चिठ्ठी लिहिली आणि ती तिलाच मोठ्यानं वाचून दाखवली. 'स्वयंपाकीणबाईंच्या राख मिसळण्याच्या गलिच्छ पद्धतीमुळे धान्य नासले.' गलिच्छ! झुंबरबाईला वाटलं, भर चौकात आपल्या तोंडाला कुणी काळं फासलं.

दुसऱ्या दिवशी साहेब पांढऱ्या पावडरीची पिशवी घेऊन आले. तोंडाला रुमाल बांधून त्यांनी ती पावडर सगळ्या किडक्या मटकीत गड्याकडून कालवून घेतली. भुंगे पटापट मेले.

"बघितलंत? याला शास्त्र म्हणतात. उद्या दोन पाण्यांनी धुवा आणि उसळ करा."

ते गेल्यावर धान्य निवडायला येणारी अमीरबी आत आली. वास येताच तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"झुंबराक्का, ही बियाण्याला लावायची पावडर हाय. पेरणीला आमच्या घरातल्यांनी हात न धुता भाकरी खाल्ली, तर तीन दिवस ओकत हुतं. पोरांना घालू नगंस बाई."

झुंबरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःवरचा आळ एक वेळ तिनं गिळला असता. पण पोरांच्या ताटात विष? सकाळी तिनं भाकरी आणि खर्डा वाढला. मटकीला हात लावला नाही.

दुपारी नृसिंहरावांनी अध्यक्षांना बोलावून आणलं. अंबादास मास्तर म्हातारे, शांत गृहस्थ. ते कोठीच्या दारात खुर्चीवर टेकले.

"बाई, उसळ का केली नाही?"

"इख हाय ते, मास्तर."

"अडाणीपणा आहे हा," नृसिंहराव उसळले. "यांनी राख मिसळलेली चालते, मग पावडरीनं काय होतंय? दोन्ही धुऊनच जातात ना?"

झुंबरबाईनं चुलीतली चिमूटभर राख आणून बोटावर घेतली आणि सगळ्यांसमोर खसाखसा दात घासले. चूळ भरली. मग पळसाच्या पानावर चिमूटभर पावडर घेऊन ते पान साहेबांपुढं धरलं.

"माझी राख मी रोज दाताला लावतो. आता तुमची पावडर तुम्ही लावा की! कालवताना तोंडाला रुमाल कशाला बांधलासा?"

नृसिंहराव मागं सरकले.

"आन् ही बघा माझी घाण!" तिनं उलथन्यानं चौथ्या कणगीचं तोंड फोडलं आणि सूपभर मटकी मास्तरांच्या मांडीवर ठेवली. मास्तरांनी चष्मा पुसला, दाणे उलटेपालटे केले. एक किडका दाणा सापडला नाही.

"पावडर लावलेलं सगळं पुरून टाका," ते हळूच म्हणाले. "बाई, झालं ते झालं."

"झालं न्हाई मास्तर, केलं त्यांनी. त्या चिठ्ठीचं काय?"

मास्तरांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि फाडली. साहेबांकडून कोठीची किल्ली घेऊन तीही तिच्या हातात दिली. पण नृसिंहरावांच्या तोंडून 'चुकलं' एवढा शब्द काही निघाला नाही. ते घड्याळ बघत निघून गेले.

संध्याकाळी परसात, विहिरीपासून लांब, गड्यांनी खोल खड्डा खणला. चार उन्हं दिलेली, दाणा न् दाणा निवडलेली मटकी पोत्यापोत्यानं आत पडत होती. अमीरबीनं झुंबरबाईच्या खांद्यावर हात ठेवला.

"पोरं वाचली, आक्का."

"वाचली," झुंबरबाई म्हणाली. "पर हे अन्न हुतं गं. अन्न हुतं."

आणि गड्याच्या हातातलं फावडं ओढून घेऊन ती स्वतःच माती लोटायला लागली.