सहाची भूपाळी

त्या डबीची नंदूला पहिल्या दिवसापासून शिसारी होती. नुसता राग नव्हे, राग येतो आणि जातो. ही शिसारी पाल अंगावर पडल्यावर उरते तशी होती, काही केल्या जाईना.

डबी ती केवढी, तर तळहाताएवढी. काळी, गुळगुळीत, कोपऱ्यात एक निळा दिवा. मागच्या गणपतीत अद्वैत ती पुण्याहून घेऊन आला आणि आल्या आल्या बापाच्या अॅम्प्लिफायरच्या पाठीमागं वायर खुपसून मोकळा झाला. विचारणं नाही, सवरणं नाही.

"बाबा, आता फोनवरचं गाणं थेट तुमच्या स्पीकरवर. वायफायवर चालतं. मी पुण्यात बसून लावलं तरी इथं वाजेल."

"तू पुण्यात बसून इथं कशाला वाजवतोस? तिथं वाजव की!"

यशोदा डोळे वटारून बघायला लागली, म्हणून नंदू गप्प बसला. हा अॅम्प्लिफायर त्यानं कॉलेजच्या ऑफिसात कारकून असताना चार वर्षं मन मारून घेतलेला. स्पीकरची खोकी सागवानी, सुताराच्या उरावर बसून करून घेतलेली. जुळे सोलापुरातल्या त्या रो हाऊसमध्ये रविवारची सकाळ म्हणजे एक सोहळा असायचा. आंघोळ करायची, हात कोरडे करायचे, जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं तबकडी पुसायची, सुई टेकवायची आणि खुर्चीत बसायचं. तासभर घरात कुणी बोलायचं नाही. यशोदानं कुकरसुद्धा लावायचा नाही. माणसानं ऐकायचं तर असं ऐकावं, नाहीतर ऐकू नये, हे नंदूचं मत, आणि त्यात एवढासाही बदल व्हायचा नाही.

आणि आता ही डबी! तिच्यापायी अॅम्प्लिफायर रात्रंदिवस चालू ठेवायचा. त्याचा खटका तबकडीवरून काढून डबीवर ठेवायचा आणि हात लावायचा नाही. का, तर पुण्याहून गाणं यायचंय!

ते आलं. अद्वैत परत गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सहाला स्पीकर जागे झाले आणि घरभर भूपाळी घुमली. यशोदा चहाचं आधण ठेवत होती, ती पदर सावरत बाहेर धावत आली. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, ऐकू आलं का?"

"आलं रे बाळा! लई छान आलं!"

"आता रोज ऐक."

झालं. त्या दिवसापासून यशोदाचं कौतुक ऊतू जायला लागलं. रोज सहाला भूपाळी लागायची आणि ती म्हणायची, "उठला बघा तो." जणू पोरगा शेजारच्या खोलीत पांघरुणाच्या घड्या घालतोय. मग ती आपला फोन घ्यायची, अद्वैतला एक मिस कॉल द्यायची आणि आधण उतरवायची. मिस कॉल म्हणजे पोचपावती. अर्धी रिंग वाजवायची आणि कापायचं. अद्वैत हॉस्टेलला होता तेव्हापासूनची ही त्यांच्या घरातली रीत. गाडी पोचली की मिस कॉल, डबा मिळाला की मिस कॉल. तो उचलायचा नसतो. बघायचं, समजायचं.

भिंतीपलीकडं मल्लव्वा राहायची. नवऱ्याच्या पश्चात कडक भाकऱ्या करून विकणारी बाई, पहाटेच तिचा तवा तापलेला. तिलाही ही भूपाळी पाठ झाली. भिंतीवरून ती ओरडायची, "अक्का, उठला की वो तुमचा पोरगा!"

"उठला उठला! आधी आईचं गाणं, मग त्याचा चहा!"

"नशीब काढलंत बघा. आमचा बसू म्हयन्यातनं एकदा फोन करत न्हाय."

हे ऐकलं की नंदूची शिसारी वाढायची. एक तर रोज तीच भूपाळी. जगात दुसरं काही गाणंच नाही? दुसरं म्हणजे आवाज. अरे, काय तो आवाज! खाली दम नाही, वर धार नाही, पिळून चोथा झालेला. तो चोथा त्याच्या सागवानी खोक्यांतून रोज सकाळी बाहेर पडायचा, आणि बायको त्यावर डोळे मिटून उभी! शी!

पण आवाजाची शिसारी परवडली म्हणायची पाळी पुढं आली.

एका रविवारी नंदूनं खटका फिरवून तबकडी ऐकली आणि परत फिरवायला विसरला. सोमवारी सहा वाजले, गाणं नाही. यशोदाचा जीव वर-खाली. "अहो, बरा असेल ना तो? ताप तर नसेल?" फोनवर फोन. तो उचलेना. पाण्याचा दिवस होता. सोलापुरात पाणी आलं की माणूस सगळं सोडून पिंपाकडं धावतो, पण ही बाई नळ सोडून फोन धरून बसली. शेवटी दहाच्या पुढं त्यानं उचलला.

"अरे, आज लावलं नाहीस?"

"काय लावलं नाही?"

"गाणं रे."

"हां... आई, मीटिंगमध्ये आहे गं. नंतर करतो."

यशोदानं नि:श्वास सोडला, खटका तबकडीवरच राहिल्याचं नंदूनं सांगितलं तसा त्याच्या तबकड्यांचा उद्धार केला आणि पाणी भरायला गेली. नंदू मात्र तिथंच बसून राहिला. शेजारी बसून त्यानं सगळं ऐकलं होतं. 'काय लावलं नाही?' रोज उठून आईसाठी गाणं लावणारा पोरगा असं विचारील?

पुढं कंपनीनं अद्वैतला थायलंडला नेलं. पहाटेचं विमान होतं, नऊपर्यंत फोन बंद, असं त्यानं आदल्या दिवशी कळवलं होतं. आणि सहाला भूपाळी आली. ठणठणीत.

"बघा!" यशोदाच्या डोळ्यांत पाणी. "विमानात बसूनसुद्धा विसरला नाही!"

डोंबल विसरला नाही! नंदूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या डबीत घड्याळाचा गजर लावावा तसं पोरानं गाणं लावून ठेवलं होतं. एकदाच, त्या पहिल्या सकाळी. पोरगा झोपलेला असो, विमानात असो, नाहीतर मसणात असो, ती वाजणार. आणि ही खुळी बाई रोज त्या यंत्राला पोचपावती देत होती.

हे कळल्यापासून त्याला चहा गोड लागेना. सांगावं तर तिचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा. न सांगावं तर रोज सहाला 'उठला बघा तो' ऐकायचं आणि तोंड वाकडं न करता बसायचं. त्याला त्या डबीची किळस यायची, पोराची यायची, आणि गप्प बसणाऱ्या स्वतःचीही यायला लागली होती.

मार्गशीर्षात अकलूजला अद्वैतच्या मित्राचं लग्न होतं. लग्न उरकून तो एका रात्रीपुरता सोलापूरला आला. कानांत ती पांढरी बोंडकी खुपसलेली. आई विचारतेय, जेवलास का, दमलास का, आणि हा एका कानातलं बोंडूक अर्धं काढून म्हणतोय, "हं?" बाप समोर बसलाय, पण बोंडकी काही निघत नाहीत. नंदूला वाटलं, उठावं आणि ती दोन्ही संडासात टाकून पाणी सोडावं.

यशोदानं मात्र शेंगाची चटणी कुटली, भाकरी केली, वर तुपाची धार धरली. "रोज इतक्या सकाळी उठतोस, आज तरी लवकर झोप हो," असं तिनं तीनदा तरी म्हटलं. तो फोनमध्ये बघत "हो हो" म्हणाला.

जेवणं झाल्यावर नंदू अॅम्प्लिफायरपाशी गेला. उद्या सहाला ही डबी वाजणार आणि पोरगा घरात असणार. वायर काढली की काम भागत होतं. एक बोट लावायचं होतं फक्त. त्यानं हात पुढं केला, आणि त्याला काय झालं कुणास ठाऊक, तिडीकच गेली डोक्यात. मी का झाकू? याचं पाप मी का झाकू? वाजू दे! बघू दे तिलाच एकदा, काय दिवटं पाळलंय ते! त्यानं हात मागं घेतला आणि जाऊन झोपला.

सकाळी सहाला भूपाळी लागली.

"अगंबाई! उठला!" यशोदा हसतच ओट्यापासून वळली. "घरात आहे तरी लावलं बघा." तिनं चहा कपात ओतला, बशीत दोन खारी ठेवल्या आणि खोलीकडं गेली. नंदू खुर्चीत बसून बघत होता. अद्वैतचा फोन त्याच्या समोरच टीव्हीशेजारी चार्जिंगला लावलेला होता.

खोलीच्या दारात यशोदा थांबली. पोरगा पालथा पडलेला, तोंड उघडं, उशीवर लाळ. ती तशीच उभी राहिली. कडव्यामागून कडवं चाललेलं. मग पांघरुणातून चिडका आवाज आला.

"आई, काय हे सकाळी सकाळी? कोण लावतं गं? बंद कर ना."

नंदू खुर्चीत पुढं सरकला. आता बोलेल. आता एक सणसणीत देईल.

"मीच लावते रे," यशोदा म्हणाली. "सवय झालीय मेली. झोप तू."

ती अॅम्प्लिफायरपाशी आली. तीस वर्षांत तिनं त्याला हात लावला नव्हता. कुठलं बटण फिरवायचं तिला कळेना, एकदा हे, एकदा ते फिरवत राहिली. नंदूनं उठून आवाज बंद केला. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. हातातला कप त्याच्यापुढं धरला.

"घ्या तुम्ही. त्याला उशीर आहे अजून."

नंदूनं कप न पिताच खाली ठेवला. आपण काल हात मागं घेतला, तो हिला शिक्षा द्यायला की काय? पोराला अद्दल घडवायला निघालो होतो आणि उभी कोण राहिली त्या दारात? थू!

नाष्ट्याला अद्वैत उपमा खाता खाता म्हणाला, "आई, तुझा रोज सकाळी मिस कॉल असतो. मी नऊला उठतो तेव्हा दिसतो. काही काम असतं का?"

"काही नाही रे. चुकून लागतो."

"चष्मा बदल मग."

नंदू ताट सोडून उठला.

स्टँडवर जायला रिक्षा आली. आईनं बांधून दिलेल्या कडक भाकऱ्यांची पिशवी घेऊन अद्वैत फाटकाशी आला, तेव्हा नंदूनं त्याचं मनगट धरलं.

"ते सकाळचं गाणं. तू लावलंस ना ते?"

"कुठलं? ..." आणि पोराचा चेहरा एकदम खुलला. "अरे हो! ते मी गणपतीत सेट केलं होतं! अजून वाजतंय? भारीच की बाबा! सेट करून विसरलं तरी चालतं, बघा. माल चांगला आहे!"

"आईला सांगितलं नाहीस ते?"

"त्यात काय सांगायचं?"

खरंच, त्यात काय सांगायचं! नंदूनं हात सोडला. पोराच्या चेहऱ्यावर खोटेपणा असता तर एक मुस्काटात तरी देता आली असती. तिथं काहीच नव्हतं. त्या डबीवर दिवा तरी होता.

रिक्षा वळली तशी नंदू घरात आला, डबी वायरीसकट उपटली आणि भंगाराच्या पोत्यात फेकली. यशोदा भांडी घासत होती. तिनं बघितलं आणि परत घासायला लागली.

दुसऱ्या दिवशी सहा वाजले. घर शांत. किती दिवसांनी अशी सकाळ मिळाली म्हणून नंदू सुखानं डोळे मिटून बसला. आणि भिंतीपलीकडून हाक आली.

"अक्का! आज गाणं न्हाय? पोराला बरं न्हाय का काय?"

यशोदाचा हात कणकेत थांबला. नंदूला वाटलं, आता सांगेल, हलकी होईल.

"जागरण झालंय वो त्याला, लग्नाचं," यशोदा म्हणाली. "मीच सांगितलं, आज लावू नको म्हणून."

"व्हय व्हय. उद्या लावंल की."

"लावंल."

दिवसभर ती नेहमीसारखीच वागली. जेवण, भांडी, दुपारची झोप, सगळं तसंच. फक्त फोन तिनं फडताळात ठेवला होता आणि दिवसभर काढला नाही. तिन्हीसांजेला दिवा लावून ती मागच्या पायरीवर बसली. मल्लव्वा भिंतीपाशी आलेली दिसली तशी उठून आत आली. नंदूनं ते बघितलं. उद्या ही काय सांगणार त्या बाईला? परवा काय? खोटं तरी माणसानं किती दिवस एकट्यानं वाहायचं?

सकाळी ती उठायच्या आत नंदू भंगाराच्या पोत्यापाशी गेला. उसाच्या चिपाडासारखी दातांत अडकली होती ती डबी, गिळता येईना आणि थुंकता येईना. त्यानं ती बाहेर काढली. वर चिकटलेला चिखल धोतराच्या मऊ फडक्यानं पुसला. तबकड्यांचं फडकं, त्या डबीला! अॅम्प्लिफायरच्या मागं वाकून त्यानं वायर खुपसली, खटका फिरवला. निळा दिवा लागला.

सहाला भूपाळी लागली. तोच चोथा, तीच कडवी. आत यशोदा आधण ठेवत होती, तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"अक्का!" भिंतीवरून मल्लव्वा ओरडली. "उठला की वो तुमचा पोरगा!"

आतून उत्तर येईना. मल्लव्वा भिंतीपाशी वाट बघत उभी. नंदू खिडकीशी गेला. तोंडात कडू पाणी आलं होतं, ते त्यानं गिळलं.

"उठला की," तो म्हणाला. "रोजचंच आहे त्याचं."

मल्लव्वा हसत तव्याकडं गेली. आत फडताळाचं दार करकरलं. नंदू खुर्चीत येऊन बसतोय न बसतोय तोच त्याच्या खिशातला फोन अर्धी रिंग वाजून थांबला. त्यानं काढून बघितलं. यशोदाचा मिस कॉल होता.